हॉकी कार्डे आणि परिग्रहाची व्याख्या

हॉकी कार्ड म्हणजे बर्फावरच्या हॉकीतल्या एखाद्या खेळाडूचे चित्र छापलेला, पत्त्याएवढा पुठ्ठ्याचा तुकडा. पुढे खेळाडू, मागे त्याचे सामने, गोल, उंची-वजन आणि दोन-चार ओळींची माहिती. कॅनडात आणि अमेरिकेत ही कार्डे जमवण्याचा छंद शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. धर्मविचाराच्या बाजूने त्याकडे पाहिले की दोन प्रश्न उभे राहतात. ज्यांच्यावाचून काही अडत नाही अशा वस्तू जमवत राहणे हा परिग्रह होतो का? आणि जमवणारा नेमके काय जमवतो: पुठ्ठा, चित्र, की त्या खेळाडूचा काही अंश? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात अडकलेले आहे, आणि छंदाच्या इतिहासात दोन्हींची उत्तरे एकाच जागी राहिलेली नाहीत.

पहिली हॉकी कार्डे १९१०-११च्या हंगामात निघाली. कॅनडातल्या इंपिरियल टोबॅको कंपनीने ३६ खेळाडूंचा संच काढून तो सिगारेटच्या पाकिटांतून वाटला. गिऱ्हाइकाने पुन्हा आपलेच पाकीट घ्यावे, हा त्यामागचा साधा हिशेब. पुढच्या हंगामातल्या ४५ कार्डांच्या संचात मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना होता. त्याच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल. पहिल्या महायुद्धाने हा प्रकार बंद पाडला. युद्धानंतर कार्डे मिठाई आणि च्युइंगमबरोबर मिळू लागली, म्हणजे मोठ्यांच्या खिशातून मुलांच्या हातात गेली. ओंटारियोतल्या लंडन शहरातली ओ-पी-ची ही च्युइंगमची कंपनी १९३३पासून, तर पार्कहर्स्ट १९५१पासून हॉकी कार्डे काढू लागली. शाळेच्या आवारात जास्तीची कार्डे देऊन नसलेली घ्यायची, भिंतीकडे कार्डे भिरकावून एकमेकांची जिंकायची, हे कॅनडातल्या कित्येक पिढ्यांचे बालपण होते.

या जुन्या कार्डांचे एक वैशिष्ट्य वरवर क्षुल्लक वाटते: प्रत्येकावर क्रमांक असे. संच किती कार्डांचा आहे हे ठरलेले आणि जाहीर असे. १९७९-८०चा ओ-पी-चीचा संच ३९६ कार्डांचा होता. ३९६ मिळाली की त्या वर्षाचे काम संपले. परिग्रहाच्या चर्चेत हा शेवट महत्त्वाचा ठरतो.

अपरिग्रहाचा विचार भारतीय परंपरांमध्ये सर्वत्र आढळतो. योगसूत्रांत तो यमांपैकी एक आहे. गीतेतल्या ध्यानाला बसणाऱ्या योग्याकडूनही त्याची अपेक्षा केलेली आहे. पण त्याचा सर्वांत बारकाईने विचार जैनांनी केला. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची यादी दिली नाही. वस्तूविषयीच्या मूर्च्छेला, म्हणजे भान हरपवणाऱ्या ममत्वाला, त्यांनी परिग्रह म्हटले. पुढच्या ग्रंथकारांनी बाह्य परिग्रहाचे दहा आणि आभ्यंतर परिग्रहाचे चौदा प्रकार मोजले. मनातल्या गोष्टींची यादी घरातल्या गोष्टींच्या यादीहून लांब आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. साधूने सर्वस्व सोडायचे. श्रावकाने, म्हणजे गृहस्थाने, मात्र परिमाण ठरवायचे. उपासकदशांगसूत्रातला आनंद हा श्रावक महावीरांसमोर व्रत घेतो तेव्हा चार कोटी सुवर्णमुद्रा ठेव्यात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात आणि दहा-दहा हजार गायींचे चार कळप एवढी मर्यादा घालून घेतो. ही मर्यादा गरिबीची अजिबात नाही. तरीही परंपरेने त्याला आदर्श श्रावक मानले, कारण त्याने रेघ ओढली आणि तिच्यापलीकडे इच्छा जाऊ द्यायची नाही असे ठरवले.

या कसोटीवर जुन्या पद्धतीचा संच जमवणारा मुलगा परिग्रहाच्या दोषातून बऱ्यापैकी सुटतो. त्याची इच्छा ३९६पाशी थांबते. एकाच खेळाडूची चार कार्डे झाली तर त्यातली तीन त्याला ओझे वाटतात आणि तो ती देऊन टाकतो. सामान्य खेळाडूचे कार्ड आणि नामांकित खेळाडूचे कार्ड त्याला सारखेच हवे असते, कारण रिकामी जागा दोन्हीकडे सारखीच असते. त्या समदृष्टीला तत्त्वज्ञान म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण लोभाची खूण तिच्यात नाही.

हा युक्तिवाद संग्राहकांना फार सोयीचा आहे, म्हणून तो जरा संशयानेच तपासायला हवा. त्यातली पहिली अडचण अशी की आनंद श्रावकाने रेघ स्वतः ओढली होती. संचाची रेघ कंपनी ओढते, आणि पुढच्या हंगामात नवा संच काढून पुसूनही टाकते. दुसरी अडचण अधिक बोचरी आहे. ३९५ कार्डे हाती असताना उरलेल्या एकासाठी जीव जेवढा तळमळतो तेवढा पहिल्या शंभरांसाठी तळमळत नाही. शेवट दिसत असणे हेच इथे मूर्च्छेचे इंधन होते. कंपन्यांना हे फार लवकर कळले होते. १९२४-२५मध्ये मॉन्ट्रियलच्या मेपल क्रिस्पेट कंपनीने ३० कार्डांचा पूर्ण संच आणून देणाऱ्याला स्केट्सची जोडी देऊ केली, आणि स्प्रेग क्लेगहॉर्नचे कार्ड मात्र इतके कमी बाजारात सोडले की ते आज या छंदातल्या सर्वांत दुर्मीळ कार्डांत गणले जाते. त्याच्या आदल्या हंगामात विल्यम पॅटरसन या मिठाईवाल्याच्या ४० कार्डांच्या संचात बर्ट कॉर्बोच्या कार्डाची हीच गत झाली होती. मर्यादा दाखवायची आणि ती गाठू द्यायची नाही, ही युक्ती त्या वेळी बक्षिसे वाचवण्यासाठी होती. पुढे तीच धंद्याचा पाया झाली.

१९९०-९१च्या हंगामात अप्पर डेक, स्कोअर, प्रो सेट अशा नव्या कंपन्या हॉकीत उतरल्या. कार्डे पुढे मौल्यवान होतात हे एव्हाना सर्वांना ठाऊक झाले होते. लोकांनी ती खोक्यांनी विकत घेऊन ठेवली आणि कंपन्यांनी तितकीच बेसुमार छापली. त्या काळातली बहुतेक कार्डे आज रद्दीच्या भावाने जातात. त्यावर शोधलेला उपाय म्हणजे मुद्दाम निर्माण केलेली टंचाई: पाकिटात क्वचितच सापडणारी खास कार्डे, एकाच चित्राच्या निरनिराळ्या रंगांच्या आवृत्त्या, ‘९९ पैकी’ असा आकडा छापलेली कार्डे आणि शेवटी एकच प्रत असलेली कार्डे. सिडनी क्रॉस्बी या खेळाडूच्या २००५-०६च्या, सही आणि जर्सीचा तुकडा असलेल्या ‘द कप’ मालिकेतल्या कार्डाच्या ९९च प्रती आहेत. एकच प्रत असलेली कार्डे संचात आली की तो संच दोन माणसांना पूर्ण करता येत नाही. परिमाणव्रताला जो काही आधार संचाने दिला होता तो इथे निघून गेला. पाकीट फोडणे सोडतीसारखे झाले. अमेरिकेत पालकांनी आणि ग्राहकांनी कार्ड कंपन्यांवर हा जुगारच आहे म्हणून दावेही लावले. २००२मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते फेटाळले, पण कारण असे दिले की पाकिटात हवे ते कार्ड न निघणे म्हणजे मालमत्तेचे कायदेशीर नुकसान नव्हे. जुगार आहे की नाही, या नैतिक प्रश्नाला त्या निकालाने हात लावला नाही.

जमवणारा काय जमवतो, हा दुसरा प्रश्न याच सुमारास धारदार झाला, कारण १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात खेळाडूने सामन्यात घातलेल्या जर्सीचे तुकडे कार्डांत बसवले जाऊ लागले. याला धार्मिक इतिहासात थेट समांतर आहे. बौद्ध परंपरेत पूजनीय अवशेषांचे तीन वर्ग मानतात: शारीरिक, म्हणजे देहाचे अवशेष, पारिभोगिक, म्हणजे वापरलेल्या वस्तू, आणि उद्देशिक, म्हणजे स्मरण देणारी प्रतिमा. भगवानलाल इंद्रजींना १८८२मध्ये नालासोपाऱ्याच्या स्तूपात दगडी करंडकातून जे मातीच्या पात्राचे तुकडे मिळाले, ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले, म्हणजे दुसऱ्या वर्गातले. साधे हॉकी कार्ड तिसऱ्या वर्गात बसते आणि जर्सीचा तुकडा असलेले दुसऱ्यात. हे वर्गीकरण लावले की किमतीतला फरकही समजू लागतो. चित्र कुणालाही कितीही छापता येते. स्पर्श पुन्हा घडवता येत नाही.

स्पर्शाविषयीची ही भावना केवळ भाविकांची नाही. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुलांना हुबेहूब प्रती काढणारे एक बनावट यंत्र दाखवले. राणी एलिझाबेथची म्हणून सांगितलेली वस्तू आणि तिची प्रत यांत सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांनी मूळ वस्तूला जास्त मोल दिले. दिसण्यात काहीच फरक नव्हता. फरक वस्तूच्या पूर्वायुष्याचा होता.

पण समांतर इथवरच चालते. गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेत देह असलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियरचा उजवा हात १६१४मध्ये रोमला नेला गेला. २०१८च्या जानेवारीत तोच अवशेष हॉकीच्या देशात, कॅनडाभर, शहराशहरांतून दर्शनासाठी फिरवला गेला. अवशेषाची वाटणी झाली तर दर्शन अधिकांना घडते, ही त्यामागची धारणा आहे. शिवाय कॅथलिक चर्चच्या कायद्याने पवित्र अवशेषांची विक्री पूर्णपणे निषिद्ध ठरवली आहे. कार्डांचे याच्या उलट आहे. ‘इन द गेम’ या कॅनडातल्या कार्ड कंपनीने जॉर्ज व्हेझिनाच्या पायांच्या पॅडची, त्याची अशी एकमेव ज्ञात समजली जाणारी, जोडी विकत घेऊन कार्डांसाठी कापली. व्हेझिना १९२६मध्ये क्षयाने वारला. उत्कृष्ट गोलरक्षकाचा करंडक त्याच्या नावाने दिला जातो. या कापाकापीवर हॉकीप्रेमींनी रोष व्यक्त केला. कंपनीची बाजू अशी की संग्रहालयातल्या काचेआडच्या वस्तूपेक्षा तुकडा का होईना, माणसांच्या हातात जातो. हा युक्तिवाद अवशेषांच्या यात्रेचाच आहे, फक्त यात्रेत दर्शन फुकट असते. विक्री मधे आली की वाटपाचा अर्थ बदलतो, आणि चर्चच्या निषेधामागचे शहाणपण इथे नीट कळते.

स्पर्शाला साक्षीदार लागतो. कापडाचा तो चौकोन त्याच जर्सीचा आहे हे कंपनीच्या शब्दावरच मानावे लागते. साध्या कार्डांबाबत हे काम श्रेणी देणाऱ्या कंपन्या करतात. १९९१मध्ये सुरू झालेली पीएसए ही त्यांतली सर्वांत वजनदार. कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यावर आहे की नाही हे पाहून ती १ ते १० अशी श्रेणी देते आणि कार्ड प्लॅस्टिकच्या बंद कवचात घालते. ओ-पी-चीच्या १९७९-८०च्या संचातले १८ क्रमांकाचे कार्ड वेन ग्रेट्झकी या विख्यात खेळाडूचे पहिले. त्या संचाचे छापील कागद तारेने कापले जात, त्यामुळे कार्डांच्या कडा खडबडीत राहत. निर्दोष प्रती जवळजवळ नाहीतच. पीएसएने १०ची श्रेणी दिलेल्या दोनच होत्या, आणि त्यांतली एक २०२१मध्ये ३७.५ लाख डॉलरांना गेली. तेच चित्र, तोच मजकूर, पण कोपरे थोडे झिजलेले, असे कार्ड त्याच्या अगदी लहानशा अंशाला मिळते. इथे ग्रेट्झकीचा स्पर्श नाही, छपाईतला फरकही नाही. जे विकले जाते ते एका कंपनीचे मत आहे.

त्या मताची कथाही बोलकी आहे. पीएसएने श्रेणी दिलेले पहिले कार्ड होनस वॅग्नर या बेसबॉल खेळाडूचे, आणि १९९१मध्ये ते ४,५१,००० डॉलरांना विकत घेणाऱ्या दोघांपैकी एक होता खुद्द वेन ग्रेट्झकी. २०१३मध्ये लिलावदार बिल मास्ट्रो याने न्यायालयात कबूल केले की ते कार्ड विकण्यापूर्वी आपण त्याच्या कडा छाटल्या होत्या. छाटलेल्या कार्डाला श्रेणी द्यायची नाही हा या धंद्याचा मूळ नियम. तरीही त्या कार्डाचे मोल ढासळले नाही. लबाडी उघडी पडल्यावर ते आणखी प्रसिद्ध झाले.

मूर्च्छेची व्याख्या पुरती कुठे लागू पडते हे एका लिलावात दिसले. कॅनडात साश्काच्वानमधल्या रेजायना शहरात १९७९-८०च्या ओ-पी-ची कार्डांची एक न उघडलेली पेटी सापडली. तिच्यात १६ खोकी, प्रत्येकात ४८ पाकिटे, प्रत्येक पाकिटात १४ कार्डे. म्हणजे दहा हजारांवर कार्डे, आणि अंदाजाने सत्तावीसेक ग्रेट्झकी. २०२४मध्ये तिला ३७.२ लाख डॉलरांची बोली लागली. आत चित्रे आहेत, पण ती कुणी पाहिलेली नाहीत. पेटी फोडली तर कोपरे निर्दोष निघतील की दुमडलेले, हे कळेल आणि बहुधा किंमत कोसळेल. म्हणून ती फोडायची नाही, यातच तिचे मोल. दहा प्रकारच्या बाह्य परिग्रहात अशा पेटीला सोयीची जागा सापडत नाही, कारण शेत, घर, सोने, धान्य, गुरे या सगळ्यांचा निदान उपयोग तरी होतो. चौदा आभ्यंतर प्रकारांच्या यादीत मात्र लोभ आहे, आणि पेटीतल्या मालापेक्षा तिची किंमत बरीचशी त्याच्याच बळावर टिकून आहे.