पाहुणी आली नाही त्या रात्री

मध्यरात्र जवळ आली की माणसाला करमणूक फारशी नको असते. कुणीतरी जागं आहे, एवढं कळलं तरी पुरतं.

१९४०चं दशक सरत आलं होतं. लॉस एंजेलिसच्या केएनएक्स रेडिओवर स्टीव्ह ॲलनला रात्रीची वेळ मिळाली होती ती तबकड्या वाजवायला. तो बोलतच राहिला. तबकड्या मागे पडल्या आणि लोक स्टुडिओत येऊन बसू लागले. एका रात्री गायिका डोरिस डे पाहुणी म्हणून यायची होती. आलीच नाही. वेळ तर काढायचा होता. शेवटी उभा, जड मायक्रोफोन उचलून ॲलन समोरच्या माणसांत गेला आणि त्यांच्याशीच बोलू लागला.

मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. मोठ्या माणसाची खुर्ची रिकामी राहिली, म्हणून साध्या माणसाचा आवाज ऐकू आला.

टीव्हीची रात्रही तेव्हा पडीकच होती. एनबीसी वाहिनीच्या पॅट वीव्हर यांना त्या पडीक जमिनीत पीक दिसलं. १९५०मध्ये त्यांचं ‘ब्रॉडवे ओपन हाउस’ सुरू झालं. विनोद, गाणी, नुसता धुडगूस. सव्वा वर्षात आटोपलं. झोपेला टेकलेल्या घरात गोंगाट फार दिवस कोण ठेवून घेणार?

मग २७ सप्टेंबर १९५४. न्यूयॉर्कच्या हडसन थिएटरमधून ॲलनचा ‘टुनाइट’ हा कार्यक्रम देशभर दिसू लागला. एक टेबल, एक पियानो, आणि रोज रात्री दीड तास. खरं रहस्य त्या दीड तासात आहे, असं मला वाटतं. इतका वेळ रोज लिहून आणता येत नाही. पाठ केलेलं संपतं, माणूस उघडा पडतो, आणि तिथून गप्पा लागतात. गप्पांना विषय लागत नाही, सवड लागते.

ॲलननंतर ‘टुनाइट’वर जॅक पार आला. मनात येईल ते बोलणारा, हळवा. फेब्रुवारी १९६०मध्ये त्याचा संडासावरचा एक साधा विनोद वाहिनीने परस्पर कापला. दुसऱ्या रात्री, कार्यक्रम चालू असतानाच, तो उठून निघून गेला. वाहिनीला थोडासा मजकूर कापल्यासारखं वाटलं असेल. त्याला मात्र घरच्यांसमोर तोंडावर हात ठेवल्यासारखं झालं.

७ मार्चला तो परतला. लोक टाळ्या वाजवत राहिले. त्या ओसरल्यावर, मध्येच तुटलेलं वाक्य पुढे न्यावं तसा तो बोलू लागला.