शब्बाथला तलफ कुठे जाते?

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी कर्मठ ज्यू माणूस शेवटची सिगारेट विझवतो. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, आग पेटवणे निषिद्ध. शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत धूर नाही.

शरीराला हे धर्मशास्त्र ठाऊक नसते. झुरक्यातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि साधारण 2 तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मग चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष नाही. या हिशेबाने शनिवारची दुपार असह्य व्हायला हवी.

तशी ती होत नाही. इस्रायली मानसशास्त्रज्ञ रूवेन दार आणि सहकाऱ्यांच्या 2005च्या अभ्यासात अशा लोकांची तलफ शब्बाथला कमी आढळली; कामाच्या दिवशी सिगारेट बंद ठेवली, तेव्हा मात्र ती जास्त होती. विमानातील कर्मचाऱ्यांवरचा त्यांचा 2010चा अभ्यासही तेच सांगतो: प्रवास छोटा असो वा लांबचा, उतरायची वेळ जवळ आली की तलफ चढते.

इच्छा नसताना माणूस पापाकडे कोणाच्या जोराने ओढला जातो, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो. कृष्ण कामाकडे, म्हणजे वासनेकडे, बोट दाखवतो. ओढायची मुभाच नाही, हे मनाने मान्य केले की कामाला धरायला काही उरत नाही, असे दिसते. निकोटिनची मागणी मात्र खोटी ठरत नाही. म्हणूनच व्यसनमुक्तीत निकोटिनच्या पट्टीबरोबर समुपदेशनही दिले जाते.