तुमचा काय संबंध?



मागच्या महिन्यात झोन ऑफिसच्या खिडकीवर मला एकाने साधासा प्रश्न विचारला, आणि तो अजून डोक्यातून जात नाही. आमच्याकडे बारा वर्षं पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या विधवा पेन्शनचे कागद घेऊन मी गेले होते. ताई शेजारीच उभ्या. खिडकीमागच्या माणसाने कागद चाळले आणि वर न बघताच विचारलं, "आप इनकी कौन हैं?"

मी गडबडले. मालकीण म्हणायला जीभ रेटेना. मैत्रीण म्हणावं, तर ते खरं नव्हतं. शेवटी "पडोसी हूँ" असं काहीतरी पुटपुटले.

घरी आल्यावर वकिलीचा अभ्यास करणाऱ्या भाचीला हे सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "मावशी, आपल्या देशातल्या एका मोठ्या खटल्यात वकीलबाईंना हेच विचारण्यासारखं होतं!" तिच्याकडून मला के. एफ. रुस्तमजी यांची गोष्ट कळली. मग मी स्वतः वाचत बसले. आज त्यांचीच आठवण तुमच्यासमोर ठेवते.

खुसरो फरामुर्झ रुस्तमजी. जन्म 1916 चा, नागपूरजवळच्या कामठीचा. 1938 साली ते पोलीस सेवेत आले. पुढे 1952 पासून सहा वर्षं पंडित नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. 1958 मध्ये ते आपल्या मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख झाले. तेव्हा चंबळमध्ये दरोडेखोरांचा सुळसुळाट होता. 'शोले'मधला गब्बर आपण सगळ्यांनी पाहिला आहे, पण त्या नावाचा खराखुरा दरोडेखोर भिंडकडे होता. लोकांची नाकं कापायचा. 1959 च्या नोव्हेंबरमध्ये तो पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हा प्रमुख होते रुस्तमजी. 1965 साली सीमा सुरक्षा दल उभं राहिलं. त्याचे पहिले प्रमुखही तेच, आणि 1971 च्या युद्धाच्या वेळीही दलाची धुरा त्यांच्याकडेच होती.

हे सगळं मुद्दाम सांगितलं. माणूस मऊ मनाचा, उठसूट कुणालाही माफ करणारा नव्हता, हे लक्षात यावं म्हणून. 1960 मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यात पायी फिरले आणि वीसेक दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली, तेव्हा या मोहिमेवर रुस्तमजींनी उघड टीका केली होती. विनोबांना आपल्या घरात किती मान! पण जीव धोक्यात घालणाऱ्या पोलिसांचा प्रमुख म्हणून त्यांना जे वाटलं, ते त्यांनी बोलून दाखवलं.

असा माणूस निवृत्त झाला. वय साठीच्या पुढे. मानमरातब झाला होता, आता आराम करायला कुणाची हरकत नव्हती. 1977 मध्ये सरकारने पोलीस सुधारणेसाठी राष्ट्रीय आयोग नेमला, त्यात त्यांना सदस्य केलं. त्या निमित्ताने ते बिहारमध्ये गेले आणि तिथल्या तुरुंगांत डोकावले.

तिथे त्यांना दिसले कच्चे कैदी. म्हणजे ज्यांचा खटला अजून चाललेलाच नाही, गुन्हा केला की नाही हेही ठरलेलं नाही, असे लोक. त्यांत बायका होत्या, मुलंही होती. कित्येक जण वर्षानुवर्षं आत होते. काहींची तर अशी गत, की गुन्हा सिद्ध होऊन पूर्ण शिक्षा झाली असती तरी एव्हाना सुटले असते! जामिनाला पैसे नाहीत, वकील नाही, बाहेर कुणी विचारणारं नाही. काही बायकांवर तर कसला आरोपही नव्हता. त्यांच्यावरच अन्याय झालेला, किंवा त्या साक्षीदार, म्हणून "संरक्षणासाठी" तुरुंगात ठेवलेल्या.

आता विचार करा. रुस्तमजींचं काम होतं पोलिसांबद्दल अहवाल देण्याचं. तुरुंग हा त्यांचा विषयच नव्हता. त्या कैद्यांपैकी एकही त्यांच्या नात्यातला, ओळखीचा नव्हता. अहवालात चार ओळी लिहून ते मोकळे होऊ शकत होते. पण त्यांनी 1979 च्या जानेवारीत इंडियन एक्सप्रेसमध्ये या कैद्यांबद्दल लेख लिहिले. दिल्लीत कपिला हिंगोरानी नावाच्या वकीलबाईंनी ते वाचले आणि सरळ सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. कैद्यांपैकी कुणीही त्यांना वकीलपत्र दिलेलं नव्हतं. म्हणजे प्रश्न तोच, तुमचा काय संबंध?

न्यायालयाने अर्ज ऐकून घेतला. न्यायमूर्ती भगवतींनी म्हटलं की खटला लवकर चालणं हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. गरिबांना जातमुचलक्यावर सोडा, वकील फुकट द्या, त्या निरपराध बायकांना तुरुंगातून हलवा. हुसैनारा खातून या एका कैदी बाईच्या नावाने तो खटला ओळखला जातो. त्यानंतर देशभरात हजारो कच्चे कैदी सुटले, आणि जनहित याचिका ही वाट आपल्याकडे रुळली ती त्या सुमारास.

कुणी म्हणेल, आयुष्यभर लोकांना आत टाकणारा माणूस म्हातारपणी त्यांचाच कैवार घेतो, हे काय? मलाही आधी तसंच वाटलं. पण जरा थांबून पाहिलं तर दोन्हींत विरोध नाही. दोषी माणसाला पकडणं जितकं न्यायाचं, तितकंच ज्याचा दोष ठरलेला नाही त्याला आत विसरून न जाणंही न्यायाचंच. तुरुंगात माणूस कसा विसरला जातो, हे पोलिसापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? इतरांना तिथे गर्दी दिसली असती. यांना न चाललेले खटले दिसले. आयुष्यभराच्या नोकरीने जी नजर दिली, ती खुर्ची सुटल्यावरही त्यांच्याजवळच राहिली.

इथे मी स्वतःकडे वळते. तीन वर्षं मी दर गुरुवारी वृद्धाश्रमात सेवेला जाते. कधी चुकवत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही आहे. ताईंचे यजमान गेले तेही तीन वर्षांपूर्वीच. त्यांची पेन्शन अडकली होती, कारण समग्र आयडीवर नवऱ्याचं नाव वेगळं आणि मृत्यूच्या दाखल्यावर वेगळं. घरातल्या सगळ्यांचं आधार, केवायसी, बँक हे मीच करते, मला हे काम येतं. पण मी कधी विचारलंच नाही. त्या पोळ्या करून जात होत्या आणि मी सेवेला जात होते. ती तीन वर्षं त्यांना कुणी परत देणार नाही.

सद्गुरू सेवेत अहंकार नको म्हणतात, त्याचा एक अर्थ मला आता कळतो. जिथे आपल्याला सेवक म्हणून ओळखतात तिथे आपण आनंदाने जातो. जिथे ओळख नाही, उलट आपलीच थोडी चूक निघू शकते, तिथे नजर वळत नाही.

याचा अर्थ दिसेल त्याच्या घरात नाक खुपसावं असा नाही. ताईंना मी आधी विचारलं, "मी बघू का?" त्या म्हणाल्या, "बघा ना, मला कोण विचारतंय तिथे." मगच कागद हातात घेतले. समोरच्याचा मान राखून विचारायचं, एवढी मर्यादा हवीच.

पेन्शन अजून सुरू झालेली नाही. पण नावाची दुरुस्ती झाली आहे आणि पुढच्या सोमवारी आम्ही दोघी परत जाणार आहोत. या वेळी कोण म्हणून विचारलं तर सांगेन, मला यांची अडचण माहीत आहे, म्हणून आले आहे.

रुस्तमजींना 1991 मध्ये पद्मविभूषण मिळालं, 2003 मध्ये ते मुंबईत गेले. आपल्या तुरुंगांत आजही दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदीच आहेत. ते काम मोठ्यांचं. आपल्यापुरतं एवढंच करू या. बँकेतून, शाळेतून, दवाखान्यातून, सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले कितीतरी काका-काकू या ग्रुपमध्ये आहेत, आणि आम्ही कधीच निवृत्त न होणाऱ्या गृहिणीही आहोत. तुम्हाला जे काम येतं, ते न आल्यामुळे तुमच्या रोजच्या पाहण्यातलं कोण अडलं आहे? या आठवड्यात एका तरी माणसाला विचारा, आणि काय झालं ते पुढच्या सत्संगात सांगा.

— आपली एक सेविका, इंदूर