पावती नसलेला पाहुणचार

देणगी जमवण्यासाठी काढलेल्या लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासात दोन प्रकारचे देणे चालू असते. पहिले दूरवरून येते. ओळखीपाळखीचे लोक, कचेरीतले सहकारी, जुने वर्गमित्र सायकलस्वाराच्या नावे एखाद्या संस्थेला पैसे देतात, त्याची पावती फाडली जाते, करात सवलत मिळते आणि वर्षाअखेरीस रक्कम संस्थेच्या अहवालात छापून येते. दुसरे देणे रस्त्यावर मिळते: रात्रीचा आसरा, गरम जेवण, आंघोळीचे पाणी, तुटलेली चेन जोडून देणारा हात. त्याची नोंद फार तर सायकलस्वाराच्या रोजनिशीत होते, आणि तीही प्रवासातली गोड आठवण म्हणून. हे दुसरे देणे मिळाले नसते तर पहिले जमवायला निघालेले कितीतरी प्रवास अर्ध्यावर सोडून द्यावे लागले असते.

ब्रिटिश सायकलस्वार ॲलिस्टर हम्फ्रीज यांचा प्रवास यासाठी पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट 2001मध्ये ते यॉर्कशरमधल्या घरून निघाले आणि 2005च्या अखेरीस, साठ देश आणि सुमारे 74,000 किलोमीटर पार करून परतले. ‘होप अँड होम्स फॉर चिल्ड्रन’ या अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी हा प्रवास होता. खर्चाला जवळ होते सात हजार पौंड, म्हणजे दिवसाला पाच पौंडांहूनही कमी. एवढ्यात रोज हॉटेल परवडत नाही. पुष्कळ रात्री तंबूत गेल्या, आणि बाकीच्या अनोळखी माणसांच्या भरवशावर. अमेरिकेवर 11 सप्टेंबरचा हल्ला झाला तेव्हा त्यांना निघून जेमतेम काही आठवडे झाले होते. आखलेला आशियाचा मार्ग सोडून ते पश्चिम आशियातून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे वळले. श्रीमंत देशातला तरुण गरीब मुलांसाठी निधी जमवत आफ्रिकेतून जातो आणि वाटेत त्याला जेवू घालणारी माणसे बहुतेक वेळा त्याच्याहून कितीतरी गरीब असतात, हा विरोधाभास अशा सगळ्याच प्रवासांत असतो. तो हसून सोडून देण्याजोगा नाही.

पाहुणचार सायकलस्वाराच्याच वाट्याला एवढा का येतो, याची कारणे साधी आहेत. भरल्या सामानाची सायकल तासाला पंधरा-वीस किलोमीटरने चालते. या वेगात माणूस येताना दिसतो, ओलांडून जाईपर्यंत दोन शब्द बोलता येतात आणि त्याचा घाम लपत नाही. काचा चढवलेल्या गाडीतल्या प्रवाशाला कोणी ‘जेवलात का’ असे विचारत नाही, कारण विचारायला सवडच मिळत नाही. दुसरे म्हणजे, जगाच्या मोठ्या भागात सायकल हे मोटार न परवडणाऱ्याचे वाहन आहे. तिच्यावरून येणारा परका कितीही दुरून आला असला तरी दरारा घेऊन येत नाही. त्याला घर नाही, छप्पर नाही, आणि दिवस मावळायच्या सुमाराला तो जिथे असेल तिथेच त्याला थांबावे लागते. ही गरज इतकी उघड असते की यजमानाला तिची शहानिशा करावी लागत नाही.

काही प्रदेशांत ही गरज भागवण्याच्या रीती शेकडो वर्षांपासून ठरलेल्या आहेत. अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, सेल्जुक सुलतानांच्या काळात व्यापारी रस्त्यांवर मोठमोठ्या सराया बांधल्या गेल्या. अक्सराय शहराजवळचा सुलतान हान हा 1229 सालचा. वक्फच्या, म्हणजे धर्मादाय मालमत्तेच्या, उत्पन्नातून या सरायांमध्ये वाटसरूला तीन दिवस फुकट राहता-जेवता येत असे. तीन दिवसांची ही मर्यादा इस्लामी परंपरेतली आहे. हदीसनुसार पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा, त्यापुढे यजमान जे देतो ते दान, आणि यजमानाला अडचण होईल इतके पाहुण्याने राहू नये. पाहुणचार आणि दान यांच्यात इतकी नेमकी रेघ दुसरीकडे क्वचितच ओढलेली आढळते. पुढच्या काळात तुर्की खेड्यांत पाहुण्यांसाठी गावकीची खोली असे आणि तिथल्या पाहुण्याचे ताट गावातल्या घरांतून येई. आजही तुर्कस्तानातून जाणाऱ्या सायकलस्वाराला पेट्रोलपंपावर सगळ्यात आधी हाती मिळतो तो छोट्या काचेच्या पेल्यातला काळा चहा. पैसे देऊ केले तर पंपावरचा माणूस हात छातीवर ठेवून नको म्हणतो.

इतरत्र हेच काम वेगवेगळ्या संस्था करतात. भारतात गुरुद्वाऱ्याचा लंगर आणि सराय, थायलंड-लाओसमध्ये बौद्ध मठांची आवारे, दक्षिण अमेरिकेत अग्निशमन दलाची ठाणी. पेरूमधल्या त्रुहियो शहरात तर एका सायकलवेड्या कुटुंबाने आपले घरच जाणाऱ्या-येणाऱ्या सायकलस्वारांसाठी खुले केले आणि तशी ‘सायकलस्वारांची घरे’ पुढे त्या खंडात ठिकठिकाणी उभी राहिली. 1993मध्ये सुरू झालेल्या ‘वॉर्मशॉवर्स’ या सायकलस्वारांच्या आपसातल्या जाळ्याने हीच देवघेव जगभरच्या यादीत बसवली. आज ज्याने ठेवून घ्यायचे तो उद्या दुसऱ्याच्या दारी जाणार, असा तिचा हिशेब आहे. सोय उत्तम आहे, पण तिथे यजमान आणि पाहुणा एकाच वर्गातले, एकाच छंदाचे असतात. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याने दिलेल्या भाकरीशी तिची बरोबरी करता येत नाही.

अमेरिकेतली गोष्ट या संदर्भात विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण तिथे प्राचीन रीत नव्हती. ती सायकलस्वार येऊ लागल्यावर तयार झाली. स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त 1976 साली ‘बाइकसेंटेनियल’ या उपक्रमात ऑरेगनपासून व्हर्जिनियापर्यंत सुमारे 6,800 किलोमीटरचा मार्ग आखला गेला आणि त्या एका उन्हाळ्यात चार हजारांवर लोक त्यावरून, पूर्ण किंवा काही भाग, सायकलने गेले. व्हर्जिनियात ब्लू रिज डोंगराच्या चढावर ॲफ्टन नावाचे छोटे गाव आहे. तिथे धापा टाकत, पाणी संपलेल्या अवस्थेत माणसे वर येऊ लागली. जून करी नावाच्या बाई आणि त्यांचे वृद्ध वडील यांनी आधी त्यांना पाणी दिले. मग करीबाई कुकीज भाजून देऊ लागल्या आणि पुढे शेजारचे घरच त्यांनी सायकलस्वारांना उतरायला दिले. हळूहळू त्या घराच्या भिंती मुक्काम करून गेलेल्यांच्या जर्सी, पाण्याच्या बाटल्या आणि जगभरातून आलेल्या पोस्टकार्डांनी झाकून गेल्या. ‘कुकी लेडी’ हे त्यांचे नाव साऱ्या मार्गावर झाले. हजारो माणसे त्यांच्याकडे राहून गेली. 2012 साली त्या वारल्या, पण त्यांच्या नावाने यजमानांना पुरस्कार देण्याची प्रथा त्याआधीच सुरू झाली होती. त्या स्वतः सायकलने देश ओलांडायला गेल्या नाहीत. जग पोस्टकार्डांतून त्यांच्या घरी येत राहिले.

याच मार्गावर कॅन्ससमधली गावे आपल्या बागेत तंबू ठोकू देतात आणि गावच्या तरणतलावाची न्हाणीघरे खुली ठेवतात, चर्चे तळघरातली खोली देतात, तर मिसूरीतल्या फार्मिंग्टनने जुन्या तुरुंगाच्या इमारतीत सायकलस्वारांसाठी निवासाची सोय केली आहे. यात निव्वळ परोपकार आहे असे नाही. मुक्कामी आलेला माणूस गावात जेवतो, दुकानात खरेदी करतो, आणि महामार्ग दुरून गेल्यामुळे ओस पडत चाललेल्या गावाला चार नवे चेहरे दिसतात. पाहुणचारात यजमानाचाही काही लाभ असला म्हणून तो खोटा ठरत नाही.

देणगीसाठीच्या संघटित सायकलयात्रा याच पायावर उभ्या आहेत. ‘जर्नी ऑफ होप’ 1988पासून अपंग व्यक्तींसाठी अमेरिका ओलांडते. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातले विद्यार्थी ‘टेक्सास 4000’ या नावाने 2004पासून कर्करोगाविरुद्धच्या कामासाठी थेट अलास्कातल्या अँकरेजपर्यंत जातात. मुक्कामांची व्यवस्था हे विद्यार्थीच आधी फोन आणि पत्रे करून लावतात. संध्याकाळी यजमानांकडे जेवण होते आणि सकाळी निघण्याआधी त्या दिवसाचे पेडल मारणे कोणाला अर्पण करायचे ते एकमेकांना सांगितले जाते. बोलता बोलता यजमानच आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाचे नाव घेतात. निधीचा आकडा आणि घरातले दुःख या वेळी एका टेबलावर येतात. धनादेशाला हे साधत नाही.

अडचणही इथेच सुरू होते. एकटा दमलेला प्रवासी दारात उभा राहिला तर त्याला नाही म्हणता येते. तीस तरुण एकसारख्या जर्सी घालून, छातीवर आजाराचे नाव मिरवत आले की छोट्या खानावळीच्या मालकाला नाही म्हणणे जड जाते. ‘चांगल्या कामासाठी’ हा शब्दप्रयोग विनंतीला न दिसणारी धार लावतो. फुकट जेवण, फुकट टायर, फुकट खोली मागत गेले की वाचलेला पैसा निधीत पडतो हे खरे. पण तो निधी त्या खानावळवाल्याने दिलेला असतो, आणि अहवालात नाव लागते सायकलस्वाराचे. हा हिशेब लबाडीचा नसला तरी अपुरा आहे. प्रवासाचा खर्च स्वतः करायचा आणि जमलेला निधी पूर्ण संस्थेला द्यायचा, ही पद्धत त्या मानाने स्वच्छ.

पाहुणचाराची किंमत कोण मोजते हाही प्रश्न सहसा बाजूला राहतो. प्रवासवर्णनांत ‘कुटुंबाने आग्रहाने जेवू घातले’ असे एक वाक्य असते. पण दिवसभर सायकल मारणाऱ्याला चार-पाच हजार कॅलरी लागतात, आणि तेवढे रांधणारे हात जवळपास नेहमी घरातल्या बाईचे असतात. गप्पा मात्र बैठकीत पुरुषांशी होतात. स्त्री सायकलस्वाराला स्वयंपाकघरात प्रवेश मिळतो, हा तिचा मोठाच फायदा, पण तिला धोकाही जास्त. 1963 साली आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी ‘रोझ’ नावाच्या सायकलवरून दिल्लीपर्यंत आल्या तेव्हा त्यांच्या सामानात पिस्तूल होते. अफगाणी यजमानांवर त्यांचा जीव जडला, तरी ते पिस्तूल अनाठायी नव्हते. यजमानालाही जोखीम असतेच. अनेक देशांत परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवावी लागते, आणि ती न कळवल्याचा त्रास पाहुणा सीमा ओलांडून गेल्यावर यजमानाला भोगावा लागतो.

मग पाहुण्याने द्यायचे काय? एक जुनी परतफेड म्हणजे तमाशा. थॉमस स्टीव्हन्स 1884 ते 1886 या काळात उंच चाकाच्या सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा तुर्कस्तानातल्या गावागावांत लोक त्यांना ‘बिन, बिन’, म्हणजे ‘चढ, चढ’, असे ओरडून सायकल चालवून दाखवायला लावत. जेवण मिळे, पण दमलेल्या पायांनी गर्दीपुढे फेरी मारल्यावर. आज त्या जागी गोष्ट सांगणे आले आहे: कुठून, किती दिवस, कशासाठी. पुष्कळ सायकलस्वार स्थानिक भाषेत लिहून घेतलेले पत्र जवळ बाळगतात. ते वाचल्यावर यजमान कधी कधी जेवणाबरोबर नोटाही पुढे करतो, आणि नकार कसा द्यायचा हा प्रश्न पडतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी 1925 साली दाखवून दिले की भेट देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने असतात. प्रवासी यजमानाला परत देऊ शकत नाही, कारण तो पुन्हा त्या वाटेने येत नाही. देणगीच्या प्रवासात त्याचे ऋण तिसऱ्याकडे, एखाद्या मुलाकडे किंवा रुग्णाकडे, वळते. अशा प्रवासाचे सगळ्यात पटणारे समर्थन हेच आहे, मात्र त्यासाठी ऋण मान्य केलेले असावे लागते.

निधीचा हेतूच नसलेला सायकलप्रवास महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1985च्या डिसेंबरात सत्तरी ओलांडलेले बाबा आमटे शंभरावर तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’साठी निघाले. पाठीच्या दुखण्यामुळे ते स्वतः वाहनात होते, तरुण सायकलींवर. तिथे मुक्काम हा प्रवासाचा खर्च नव्हता. परप्रांतातल्या माणसांनी या पोरांना आणि पोरांनी त्यांना ओळखावे याचसाठी तो होता. म्हणून यजमान तिथे मदतनीस ठरत नव्हता, कामातलाच भागीदार होता.

अमेरिकेतल्या ‘बाइक अँड बिल्ड’ने 2002 साली स्थापना झाल्यावर हीच भागीदारी वेगळ्या मार्गाने साधली. गरजू कुटुंबांच्या घरांसाठी निधी जमवत देश ओलांडणारे हे तरुण वाटेतल्या गावांत ठरावीक दिवशी सायकली बाजूला ठेवत आणि हातोडी-करवत घेऊन तिथल्याच घराच्या बांधकामावर जात. ज्या गावाच्या चर्चमध्ये रात्री अंथरूण टाकायचे, त्याच गावात दिवसा भिंतीची चौकट उभी करायची.