खेप चार किलोमीटरची, इंजिन कोणतं?

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

चि. बाळू यास,


परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. तू पाठवलेल्या दोन्ही कोटेशनचे फोटो काल रात्री गॅरेज बंद केल्यावर नीट वाचले. दाजी म्हणतात मालाची गाडी म्हणजे डिझेलच. तुझा कल पेट्रोलकडे दिसतोय, पण घरात मोठ्यांसमोर ते ठामपणे मांडता येत नाही. पाच वर्षांच्या हप्त्यांचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. हे पत्र दाजींनाही वाचायला दे.

दाजींचं म्हणणं हवेतून आलेलं नाही, हे आधी लक्षात घे. आपल्या भागात डिझेल इंजिनावरचा विश्वास नदीकाठावर तयार झालाय. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 ला पुण्याजवळ खडकीत सुरू झाली. आमच्या या उद्यमनगरातल्या फौंड्र्या आणि लेथची वर्कशॉप शेतीच्या इंजिनांवर आणि त्यांच्या सुट्या भागांवर उभी राहिली. दाजींनी लहानपणी कासारीच्या काठावर उसाला पाणी पाजणारं इंजिन पाहिलंय. संध्याकाळी हँडल मारून सुरू केलं की पहाटेपर्यंत एका लयीत धुगधुगत राहायचं. डिझेल इंजिनाचा स्वभावच तो. एकदा तापलं, अंगावर ठराविक बोजा घेतला आणि तासन्तास चाललं, की त्याच्याइतकं काटकसरी आणि चिवट दुसरं काही नाही. पण तेच इंजिन कुणी सुरू करून दहा मिनिटांत बंद करत नव्हतं, परत अर्ध्या तासानं सुरू करत नव्हतं. तुझी गाडी दिवसभर नेमकं तेच करणार आहे.

असं का, ते सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात प्लगची ठिणगी इंधन पेटवते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सोळा ते वीस पट दाबायची, त्या दाबानं ती इतकी तापते की आत उडवलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. इंधनातली ऊर्जा त्यात जास्त कामाला येते, म्हणून ॲव्हरेज चांगलं. पण ऊर्जा कामाला जास्त लागली म्हणजे वाया जाणारी उष्णता कमी, म्हणून डिझेल इंजिन सावकाश तापतं. काट्यावर पाणी गरम दिसलं तरी ऑइल गरम व्हायला आणखी वेळ लागतो. पौषातल्या पहाटे पन्हाळ्यावर धुकं उतरलेलं असताना बुधवार पेठेतून निघून चार किलोमीटरवर गडावरच्या हॉटेलात भाजी उतरवलीस, की तोवर इंजिन जेमतेम कोमट झालेलं असतं. तिथं गाडी अर्धा तास उभी. परत येताना उतार, म्हणजे इंजिनावर बोजाच नाही. असे दोन फेरे मारलेस तर दिवस संपेपर्यंत इंजिनाला मनासारखी ऊब मिळालेली नसते.

जुन्या गाड्यांना हे चालून जायचं. थोडा काळा धूर सोडायच्या आणि पुढं जायच्या. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि हिशोब बदलला. आता बऱ्याच डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी. ती भरली की गाडी स्वतःच काजळी जाळून टाकते. त्यासाठी धुराच्या वाटेचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं न थांबता चांगल्या वेगानं पळावी लागते. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर रोज धावणाऱ्याला हे कधी झालं ते कळतसुद्धा नाही. चार किलोमीटरच्या खेपेत मात्र काजळी जळायला सुरुवात होते आणि तेवढ्यात तू चावी फिरवतोस. परत सुरू, परत अर्धवट.

हे मी स्वतः भोगलंय. गॅरेजचे सुटे भाग आणायला-पोचवायला मी बीएस-6 डिझेल पिकअप घेतली. उद्यमनगर, लक्ष्मीपुरी, मार्केट यार्ड, परत उद्यमनगर, एवढाच तिचा संसार. आठव्या महिन्यात डीपीएफचा दिवा लागला. गिऱ्हाइकाची गाडी असती तर मी लगेच हायवेला काढली असती. स्वतःच्या गाडीला मात्र उद्या बघू म्हणत तीन आठवडे घालवले. एक दिवस ऑइलची पट्टी ओढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. ऑइल कमी झालेलं मी आयुष्यभर पाहिलं, वाढलेलं पाहून पोटात गोळा आला. पट्टी नाकाजवळ नेली तर डिझेलचा वास. बोटांत चोळून पाहिलं, चिकटपणा गेलेला, पाण्यासारखं सरकत होतं. गाळणी तापवण्यासाठी इंजिन जादा डिझेल उडवतं, ते काम दर वेळी अर्ध्यावर तुटलं की त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. अशा पातळ ऑइलवर बेअरिंग किती दिवस टिकणार? गाळणी काढून साफ करणं, ऑइल, सेन्सर, सगळं धरून जे बिल झालं त्यात तुझे तीन हप्ते गेले असते. आणि त्यात गाडीचा काही दोष नव्हता. गाडी चांगली होती, मी तिला चुकीच्या कामाला जुंपली होती.

आता तुझा हिशोब. तू सांगितलेल्या खेपा मी वहीत मांडल्या. रोज गडावर दोन फेऱ्या धरून जाऊन-येऊन सोळा किलोमीटर, आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला जाऊन-येऊन ऐंशी. महिन्याला साधारण साडेसातशे किलोमीटर. घाटात, मालासकट, पेट्रोल पंधराचं ॲव्हरेज देईल आणि डिझेल वीसचं, असं धरू. डिझेलला मी मुद्दाम झुकतं माप दिलंय, कारण थंड इंजिनावर तेही वीस देणार नाही. पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये धरलं तर पेट्रोलला महिन्याला 5,200 रुपये लागतील, डिझेलला 3,400. वर्षाला वाचले साडेएकवीस हजार. तुझ्या दोन कोटेशनांत फरक सव्वा लाखाचा आहे. तो वसूल व्हायलाच सहा वर्षं लागतील, त्यावरचं व्याज धरलं तर सात. मध्ये एकदा जरी गाळणीचं किंवा नोझलचं काम निघालं तर त्या वर्षाची बचत गेलीच म्हणून समज.

दाजींच्या काळात हा हिशोब डिझेलच्या बाजूनं सुटायचा, कारण भावातलं अंतर मोठं होतं. 2012 च्या सुमाराला लिटरमागं पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता. सरकारनं ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव बाजारावर सोडले आणि ते अंतर आटत गेलं. कंपन्यांनीही हे ओळखलंय. मारुतीनं 2016 ला सुपर कॅरी आणली ती दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची. बीएस-6 आल्यावर त्यांनी ते डिझेल बंदच केलं, आता ती गाडी पेट्रोल आणि सीएनजीवर मिळते.

तुझी खरी धास्ती घाटाची आहे, ते मला माहीत आहे. पेट्रोल गाडी भरल्या हौद्यानं चार दरवाज्याकडचा चढ काढेल का? टाटांचा छोटा हत्ती 2005 ला पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं 702 सीसीचं डिझेल इंजिन 16 अश्वशक्तीचं होतं, आणि तरीही त्यानं आपल्या डोंगरातली गावं जोडली. 2020 ला आलेलं त्याचं पेट्रोल इंजिन 694 सीसीचं आहे आणि ताकद तीस अश्वशक्तीच्या घरात. म्हणजे या सगळ्यात लहान गाड्यांच्या वर्गात पेट्रोल दुबळं हा समज आता खरा नाही. फरक आहे तो चालवण्यात. डिझेल कमी फेऱ्यांवर ओढतं, पेट्रोलला खालचा गिअर लवकर द्यावा लागतो. वळणाच्या आधीच दुसरा टाकायचा, इंजिन रडायला लागेपर्यंत थांबायचं नाही, आणि चढावर गाडी क्लचवर अडवून धरायची नाही, हँडब्रेक लावायचा. क्लच प्लेट जळाल्याचा वास एकदा आला की तो खर्चाचा वास असतो.

मात्र एक गोष्ट झाली तर माझा सल्ला उलटा होईल. तू दूध संकलनाचं भाडं मिळतंय का ते बघतोयस असं ताई म्हणाली. गावोगावच्या संस्थांचे कॅन गोळा करून शीतकरण केंद्रावर पोचवायचे, रोज साठ-सत्तर किलोमीटर, हौदा भरलेला, सकाळ-संध्याकाळ. ते काम लेखी हातात आलं तर बिनदिक्कत डिझेल घे, आणि मोठी पिकअप घे. त्या कामात डिझेल तापेल, गाळणी आपोआप साफ होईल आणि बचतही दिसेल. पण ‘मिळेल’ या आशेवर आज डिझेल घेऊ नकोस. आज हातात जी खेप आहे तिच्यासाठी गाडी घे.

पेट्रोल गाडीही अगदी निर्धास्त नाही. छोट्या फेऱ्यांत तिच्याही ऑइलमध्ये ओल धरते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून कॉफीवरच्या सायीसारखा पांढरट थर दिसला तर समजायचं की इंजिन तापत नाही. पुस्तकात ऑइल बदलायचे किलोमीटर लिहिलेले असतात, तुझ्यासारख्याने महिने मोजायचे, आणि किलोमीटर भरले नाहीत म्हणून थांबायचं नाही. कोल्हापूरची फेरी ही तिची औषधाची मात्रा समज, ती गाडी तापवूनच परत आण. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यात आपला ऊसही आहे, त्याबद्दल माझं काही वाईट मत नाही, पण इथेनॉल पाणी ओढतं. पन्हाळ्याच्या पावसाळ्यात गाडी आठ-आठ दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेव, रिकाम्या टाकीत ओल साठते. नवी गाडी या पेट्रोलला चालणारी असते, जुनी घेतलीस तर आधी विचारून घे.

जुनीवरून आठवलं. कुणी तुला सांगेल, बीएस-4 मधलं सेकंडहँड डिझेल घे, त्यात गाळणीची कटकटच नाही. खरं आहे, पण मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं, आणि पहिला मालक तिला का विकतोय हे तो सांगत नाही. दुसरा कुणी म्हणेल, नवी डिझेल घे आणि डीपीएफ कापून टाकू. त्या माणसाच्या दारातून लगेच उठ. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि तो धूर तुझ्याच पेठेतली पोरं घेणार. आपला गड जुलै 2025 मध्ये जागतिक वारशात गेलाय, हॉटेलांचं काम वाढणार आहे, आणि पहाटे पर्यटकांच्या खिडकीखाली धडधड न करणारी गाडी हॉटेलवाल्यांना आवडेल.

बॅटरीच्या गाडीचं तू विचारलंस. काम तुझं अगदी तिच्या मापाचं आहे, उतारावर थोडं चार्जिंगही परत मिळतं. पण आज तिची किंमत तुझ्या आवाक्याबाहेर आहे. पुढच्या गाडीच्या वेळी बघू.

आता जे सांगतो ते डिझेल-पेट्रोलपेक्षा मोठं आहे. गडावरून उतरताना इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडून तेल वाचवणारे तू रोज बघतोस. तू कधीही तसं करू नकोस. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम इंजिनामुळं मिळतो. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा पाय दाबल्यावर पॅडल दगडासारखं होतं, आणि न्यूट्रलवर सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापून फिके पडतात. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. जुलै 2021 च्या पावसात चार दरवाज्याजवळचा रस्ता खचून कित्येक महिने चारचाकी वर जात नव्हती, हे तू पाहिलंयस. त्या रस्त्याला कड किती जवळ आहे ते तुला मी काय सांगावं.

तर माझा कौल पेट्रोलला. पण सही करण्याआधी एक काम कर. शोरूमवाले रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणतात, त्यात काही कळत नाही. तुझ्या मित्राची तीच पेट्रोल गाडी रविवारी सकाळी मागून ठेव. सिमेंटची बारा पोती हौद्यात टाकू, सहाशे किलो होतील, आणि वाघबीळपासून गडाच्या नाक्यापर्यंत जाऊ. मधल्या खड्या वळणावर मी तुला मुद्दाम थांबायला सांगेन आणि हँडब्रेकवरून परत उचलायला लावीन. दाजींना शेजारी बसव, त्यांना इंजिनाचा आवाज ऐकू दे. मी सात वाजता बुधवार पेठेत पोचतो. ताईला सांग, नाष्टा परत आल्यावर करू.

तुझा,
मामा