हरणे खरे, हरणे खोटे

निवृत्त झाल्यावर आमच्या अब्बांनी माळ्यावरचा कॅरमबोर्ड खाली काढला. तरुणपणी मोहल्ल्यात त्यांच्या राणीला तोड नव्हती. पुढे संसारात खेळ सुटला. आता असरच्या नमाजनंतर आमचा धाकटा त्यांच्यासमोर बसतो. या वयात हाती तसबीह असावी, असे शेजारी म्हणतात. आम्हाला त्यात गैर दिसत नाही. हजरत मुहम्मद (स.) हजरत आयेशांबरोबर (रजि.) शर्यत धावले होते, एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा ते. मुद्दाम कोणी हरल्याचे मात्र त्या हदीसमध्ये नाही.

आमची अडचण तिथेच आहे. अब्बा राणी घेतात आणि कव्हर चुकवतात. राणी पुन्हा मधोमध येते, नातू टाळ्या पिटतो. ‘मुद्दाम सोडली,’ अब्बा आमच्या कानात सांगतात. आपण याला माया म्हणतो. पण ‘ये, देते’ म्हणून मुलाला बोलावणाऱ्या एका आईला रसूलांनी विचारले होते, काय देणार? खजूर, ती म्हणाली. दिला नसतास तर तुझ्या नावे एक खोटे लिहिले गेले असते, असे त्यांनी सांगितले. मुलाला फसवायची सूट बोलण्यात नाही, मग खेळात कशी?

तरी आम्ही अब्बांना टोकले नाही. अलीकडे त्यांचा हात थरथरतो. ते ‘मुद्दाम’ नातवासाठी की स्वतःसाठी, कोण जाणे.

परवा पोरच म्हणाला, ‘‘दादाजान, खरं खेळा ना.’’

अब्बांनी बराच वेळ नेम धरला. राणी गेली, कव्हर राहिले.

‘‘ही खरी चुकली,’’ ते म्हणाले.