उंबरठ्याबाहेर उभे राहावे



निर्दय चाकराचा दाखला (मत्तय 18:23-35) आपण अनेकदा ऐकला आहे. राजाने ज्याचे दहा हजार तालांतांचे कर्ज माफ केले, तोच चाकर बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा शंभर दिनार ही काही थोडकी रक्कम नव्हती. शिवाय ते येणे खरे होते. सोबत्याने ते नाकारले नाही, फक्त मुदत मागितली. प्रभू येशूने येणे मागण्याला दोष दिलेला नाही, गळा धरण्याला दिला आहे.

आज आपल्या खानदेशात हा फरक समजून घेण्याची फार गरज आहे. कापसाला भाव मिळाला नाही, वादळाने केळीची बाग आडवी झाली, घरात आजारपण आले, की हप्ता चुकतो. मग वसुलीवाले दारात ठाण मांडतात, रात्री फोन करतात, शेजाऱ्यांसमोर वाटेल ते बोलतात, 'पोलीस आणतो' म्हणून धमकावतात. लाजेपोटी कोणी गाव सोडून सुरतेला जातो, तर कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. घेतलेले कर्ज फेडणे हे आपले कर्तव्य आहे. ज्याचे त्याला देणे हाच न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. पण हाच न्याय पुढे नेला, तर कर्ज देणाऱ्याचेही एक देणे निघते. कर्जदार पैसा देणे लागतो. कर्ज देणारा त्याला माणूस म्हणून मान देणे लागतो. हप्ता थकला म्हणून माणसाची अब्रू गहाण पडत नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात (अनुवाद 24) यासंबंधी स्पष्ट आज्ञा आहेत. गहाण वस्तू घ्यायला कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण तिच्यावर त्याचे पोट असते. गरिबाचे पांघरूण सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने आला आहे. वाहनकर्जाच्या वसुलीसाठी बँकांनी गुंड वापरू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2007 मध्ये बजावले. 2022 साली रिझर्व्ह बँकेने बँका व फायनान्स कंपन्यांना नियम घालून दिले. थकलेल्या कर्जासाठी सकाळी 8 पूर्वी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही. गटांच्या छोट्या कर्जांसाठी ही वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6 अशी आहे. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातलगांना त्रास, यांना मनाई आहे. गटाच्या कर्जाची वसुली ठरलेल्या ठिकाणीच व्हावी. लागोपाठ दोनदा तेथे न गेल्यासच माणूस घरी येऊ शकतो. हप्ता थकणे हा मुळात दिवाणी मामला आहे, तेवढ्यावरून कोणाला अटक होत नाही. चेक न वटणे किंवा फसवणूक या गोष्टी मात्र वेगळ्या. खासगी सावकारासाठी 2014 चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्यात गुन्हा आहे.

हे हक्क आपोआप मिळालेले नाहीत. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. तेथील आदिवासी बांधवांच्या जमिनी कर्जापोटी हातच्या गेल्या होत्या. 1972 साली ते संघटित होऊन उभे राहिले. पुढे 1974 साली आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्यात झाला. एकेकटे असताना ते गप्प होते, एकत्र आल्यावर त्यांचे ऐकले गेले.

दाखल्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. गळा धरलेला पाहून इतर चाकरांना वाईट वाटले, आणि त्यांनी जाऊन धन्याला सांगितले. म्हणजे तक्रार केली! अन्यायाची तक्रार करणे हा क्षमेचा अभाव नव्हे, ते सोबत्याचे कर्तव्य आहे.

म्हणून कोणी छळत असेल तर भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती जपा. येणाऱ्याचे नाव व ओळखपत्र विचारा. तारीख, वेळ लिहून ठेवा. प्रथम त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार द्या व पोच घ्या. 30 दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तेथे फी नाही, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. मारहाण वा धमकी झाल्यास थेट पोलीस ठाणे गाठा. विनापरवाना सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करा. मोबाईलवरच्या कर्ज-ॲपने फोटो पसरवण्याची धमकी दिली, तर 1930 वर कळवा. जळगाव व धुळे येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

आणखी दोन शब्द. गटातल्या भगिनींनो, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना तिच्या दारात बसवले जाते. आपला हात तिच्या गळ्यावर जाऊ देऊ नका. तिच्यासोबत बसून मुदत मागा. आणि आमच्या तरुणांपैकी जे वसुलीची नोकरी करतात, त्यांनी पोटासाठी हे काम जरूर करावे, पण उंबरठ्याबाहेर उभे राहून.

ज्यांच्या घरी आज ही भीती आहे, त्यांनी एकट्याने ती सोसू नये. मिस्सानंतर आमच्याकडे यावे. कागद घेऊन यावे. आपण सोबतीने वाचू, अर्ज लिहू आणि गरज पडल्यास कचेरीपर्यंत बरोबर जाऊ. आपल्या सर्वांचे ऋण माफ करणारा परमपिता आपल्याला धीर आणि कोमल अंतःकरण देवो.